पोरगा मेटल ऐकतो, बापाने स्पीकरची वायर कापली, आता आईने काय करायचं?

इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीला. सातवीपर्यंत तबला शिकला, गांधर्वच्या दोन परीक्षा दिल्या, मग सोडला. आता खोलीत एकतर मेटल, म्हणजे जड गिटार, धडधडते ड्रम आणि घोगरा आवाज, नाहीतर शिव्यांचं रॅप. काळे टीशर्ट, त्यावर कवट्या. घरात आठ वर्षांची बहीण आहे, ती परवा जेवताना त्यातलीच एक शिवी बोलली. आजी म्हणतात हा घरात भुतं बोलावतोय. वडील अंबड एमआयडीसीत, सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी आले, खोलीतून धाडधाड चालू होतं, त्यांनी पक्कड घेतली आणि स्पीकरची वायर कापली. तेव्हापासून मुलगा जेवायला येतो, जेवतो, उठून जातो. ताई विचारतात, "हे वयच असं म्हणून सोडून द्यायचं का वेळीच आवरायचं? आणि याला परत तबल्याकडे कसं वळवू?" शेवटी लिहिलंय की आता तो ड्रमसेट मागतोय, त्याचीही त्यांना भीती वाटते.

ताई, मी नाशकात बरीच वर्षं तबला आणि ड्रम दोन्ही शिकवतोय, त्यामुळे तुमच्यासारखं घर मला दोन्ही बाजूंनी दिसतं. आईवडील बाहेरच्या खोलीत बसून सांगतात की सर याला जरा चांगल्या संगीताकडे वळवा, आणि ते गेले रे गेले की तोच मुलगा विचारतो सर डबल पेडल, म्हणजे दोन्ही पायांनी ड्रम वाजवणं, कधी शिकवणार. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही, पण या वयाची पोरं आणि त्यांची गाणी यातच माझा दिवस जातो, म्हणून जे दिसतं ते सांगतो.

तुम्ही दोनच रस्ते दिलेत, सोडून द्यायचं नाहीतर आवरायचं. मी म्हणेन आवडीला अजिबात हात लावू नका, पण आवाज किती, किती वाजेपर्यंत, लहान बहिणीसमोर काय आणि पैसे कुणाचे, या गोष्टींवर घराचे नियम बिनधास्त करा. तुमच्या घरात हे सगळं एका गाठोड्यात बांधलं गेलंय. वडिलांना राग आला रात्री बाराच्या आवाजाचा, तो अगदी योग्य राग होता, आठ तास मशीनच्या आवाजात उभं राहून आलेल्या माणसाला झोप हवी असते. पण वायर कापताना तोंडातून काय निघालं असेल? बहुतेक "हे असलं काहीतरी ऐकतोस" असंच. म्हणजे भांडण होतं घड्याळाचं आणि पोराला ऐकू आलं की तू जो आहेस तोच आम्हाला नको आहेस. या वयात गाणं म्हणजे नुसती करमणूक नसते हो, मी कोण हे सांगायची ती त्याची पाटी असते, म्हणूनच तर ते टीशर्टवर येतं. भेंडीची भाजी आवडते म्हणून कोणी भेंडीचा टीशर्ट घालत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आईवडिलांना पटायला वेळ लागतो. तुम्हाला ते आवडत नाही यात त्याचं अर्धं काम झालेलं असतं. त्याला घरात अशी एक जागा हवी असते जिथे तुमचा पाय पोचत नाही, आणि पंधराव्या वर्षी फ्लॅटमध्ये अशी जागा मिळणार कुठे, अर्ध्या खोलीत आजींचं कपाट, दार लावलं तर "दार का लावलं". मग ती जागा आवाजात मिळते. त्यामुळे काही हौशी आईवडील जे करतात, म्हणजे आपणही तोच टीशर्ट घालून "वॉव, मस्त आहे रे" वगैरे, ते कृपा करून करू नका. पोरं त्याने जास्त वैतागतात. एक मुलगी मला म्हणाली होती की पप्पांना माझा बँड आवडायला लागला आणि मी तो बँडच सोडला. तुम्हाला नाही आवडत ना, मग नाही आवडत म्हणा, काही बिघडत नाही. बिघडतं ते टिंगलीने. पाहुण्यांसमोर "आमच्याकडे रोज कुत्रं भुंकतं" असं म्हणणं वायर कापण्यापेक्षा वाईट, कारण वायर नवी येते.

आता आवरण्याबद्दल. गाणी बंद करणं आज शक्यच नाहीये, तुम्ही फक्त ती स्पीकरमधून काढून कानात घालू शकता. तुमच्याकडे तेच झालंय, बघा. वायर कापली त्या रात्रीपर्यंत तो काय ऐकतो हे अख्ख्या घराला माहीत होतं, आता कानात बड्स आहेत आणि आत काय चालू आहे, शांत गाणं आहे का कुणी बाईला शिव्या देतोय का कुणी मरणाबद्दल बोलतोय, तुम्हाला काहीच कळत नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांत बदललेली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. गाणी पूर्वीही आईबापाला आवडायची नाहीत, पण ऐकू तरी यायची.

पूर्वीचंच बोलायचं तर ज्या तबल्याकडे तुम्ही त्याला परत वळवू पाहताय तोही काही कायम सभ्य नव्हता. गाणंबजावणं चांगल्या घरातल्या पोरांचं काम नाही असाच समज होता, आणि तो मोडायला विष्णु दिगंबर पलुसकरांनी आयुष्य घातलं. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे ते आपल्या नाशकात येऊन राहिले, रामनाम आधार आश्रम काढला, त्यांचे चिरंजीव डी. व्ही. पलुसकर तर जन्मले १९२१ ला नाशकातच. तुमच्या मुलाच्या सर्टिफिकेटवर गांधर्वचं नाव आहे ते त्याच परंपरेतून आलेलं. परीक्षेत त्याच्या मागे पेटीवर लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला तीच तीच फिरणारी धून, धरला असेल ना, ती पेटी आकाशवाणीवर १९४० पासून तीस वर्षं बंद होती, परदेशी वाद्य, आपल्या गाण्याला शोभत नाही म्हणून. आजींना विचारा, त्यांच्या लहानपणी बाळकृष्ण केसकर नावाचे मराठी माणूस केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री होते, त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची, आकाशवाणीवर ती जवळपास बंदच झाली. लोकांनी काय केलं, सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं, आणि १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. मुलाच्या वडिलांचं वय मला माहीत नाही, पण पंचेचाळीसच्या आसपास असतील तर १९९३ चं ते चोलीचं गाणं त्यांनी लपूनछपून ऐकलेलं असणार, आकाशवाणी दूरदर्शनवर ते लागत नव्हतं. १९९६ ला मायकेल जॅक्सन मुंबईत अंधेरीला आला तेव्हा कॉलेजच्या पोरांनी केस कसे वाढवले होते तेही आठवत असेल.

पण हे सगळं मुलाला जाऊन सांगू नका हां. "आमच्याही वेळी असंच होतं, मोठा झालास की सुटेल" हे वाक्य आईवडिलांना दिलासा देतं आणि पोराला खिजवल्यासारखं लागतं. त्याच्यासाठी हे फेज वगैरे नाहीये. आणि सुटेलच असंही नाही, माझ्याकडे चाळिशीतली माणसं ड्रम शिकायला येतात ती पंधराव्या वर्षीचीच गाणी घेऊन येतात. जुना इतिहास तुमच्यासाठी आहे, वाटी-चमचा न आपटता त्याचं ऐकता यावं म्हणून. शिवाय केसकरांच्या काळात आणि आज एक मोठा फरक आहे, तेव्हा रेडिओ बैठकीच्या खोलीत असायचा, सिलोन लागलं तर आजोबांनाही ऐकावंच लागायचं. म्हणून माझा मुख्य सल्ला एवढाच की गाणं परत हॉलमध्ये आणा. ते कसं, ते सांगतो.

पहिलं, ती वायर. वडिलांनी भाषण न देता स्पीकर दुरुस्त करून आणायचा. एम. जी. रोडला कोणीही सोल्डर करून देईल, नाहीतर एमआयडीसीतला माणूस आहे, घरी पण जोडतील. "मी असं करायला नको होतं, पण बारा वाजता आवाज नको" एवढं म्हटलं तर उत्तम, नाही म्हणवलं तर नुसता स्पीकर त्याच्या टेबलावर ठेवला तरी चालतो, बापांची माफी आपल्याकडे साधारण अशीच असते. रात्री साडेनऊ नंतर स्पीकर बंद, हा नियम त्याच दिवशी सांगून टाकायचा, आणि तो घरातल्या टीव्हीलाही लागू करायचा. आजींच्या मालिकेलाही. इथे कुरकुर होणार, होऊ द्या.

दुसरं, तीन गाणी. हे मी कितीतरी घरांना सांगितलंय. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हॉलमध्ये स्पीकर ठेवायचा आणि त्याला म्हणायचं, तुला सगळ्यात भारी वाटतात ती तीन गाणी आम्हाला ऐकव, निवडणारा तू. गाणं चालू असताना मोबाईल हातात नाही, एकमेकांकडे बघून हसणं नाही, "बापरे" नाही. संपल्यावर "याचा अर्थ काय" हा प्रश्न पहिला विचारायचा नाही, तो परीक्षेचा प्रश्न वाटतो. विचारायचं असं की यातला तुला कुठला भाग आवडतो? वाजवणारा कोण आहे? हा आवाज कशाने काढलाय? एकदा एक वडील माझ्या क्लासवर आले होते, बँकेतले गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हाताची घडी. मुलीने एक अतिवेगवान गाणं लावलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, पहिली दोन मिनिटं नुसते डोळे मिटून सहन करत होते, मग डोळे उघडले, पुढे वाकले आणि अगदी खरंखुरं विचारलं, "हा ड्रमवाला दमत कसा नाही?" झालं. पोरीने अर्धा तास पायांचे दोन पेडल, घोट्याने कसं वाजवतात, मांडीने कसं वाजवतात, कोण किती स्पीडला वाजवतो, सगळं उभं राहून करून दाखवलं. गाणं त्यांना आवडलं नव्हतंच, जाताना मला म्हणाले डोकं उठलं. पण मुलगी स्कूटरवर मागे बसून पण बोलतच होती.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तर तुमच्याकडे हुकमी प्रश्न आहे. त्याने तबल्याच्या दोन परीक्षा दिल्यात, म्हणजे टाळी-खाली, हातावर ताल मोजणं, त्याला येते. त्याला म्हणा या गाण्याचा ताल हातावर दाखव. मेटलमधली बरीच गाणी सरळ चारच्या हिशोबात असतात पण त्यातल्या काही प्रकारांत सात, पाच, अकरा असले हिशोब सर्रास येतात, मधेच बदलतातही. ज्याने सात मात्रांचा रूपक ताल वाजवलाय त्याला सात मात्रा पटकन सापडतात आणि सापडल्या की चेहरा बघण्यासारखा होतो. मी तर म्हणेन तबला सोडलेली पोरं मेटलकडे जातात यात आश्चर्य काहीच नाही. द्रुत लयीतला रेला, म्हणजे तबल्यावरची बोलांची वेगवान सलग धार, आणि डबल पेडलवरची ती सलग धडधड, दोन्हीकडे मजा एकच आहे, इतक्या वेगातही एकही बोल न पुसणं. तो तबल्यापासून लांब गेलाय असं तुम्हाला वाटतंय, मला तसं वाटत नाही.

तीन गाणी झाली की बदल्यात एक गाणं वडिलांचं. एकच. ते त्यानेही मोबाईल बाजूला ठेवून ऐकायचं.

वडिलांसाठी एक गोष्ट सांगतो, ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजेल. ब्लॅक सॅबथ नावाचा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा बँड, हेवी मेटलची सुरुवात ज्यांच्यापासून धरतात, १९७० ला पहिली रेकॉर्ड. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस, मशीनमध्ये उजवा हात गेला आणि मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. सगळ्यांनी सांगितलं आता गिटार विसर. कारखान्यातल्या फोरमनने त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली, जँगो राईनहार्ट नावाच्या गिटारवाल्याची, ज्याचा हात आगीत भाजला होता आणि तो दोन बोटांवर वाजवायचा. मग या पोराने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली, वर चामडं लावलं, तारा हलक्या वापरल्या, पुढे तारा ढिल्या करून सूर खाली उतरवला म्हणजे दाबायला त्रास कमी, आणि त्यातून तो जड, काळा, घुमणारा आवाज आला जो आज तुमच्या मुलाच्या खोलीतून येतो. ज्या माणसाने पॉवर प्रेसवर बोट गेलेलं बघितलंय, आणि अंबड-सातपूरला काम केलेल्यांत असा कोणी ओळखीचा नसेल तर नवल, त्याला हे संगीत कुठून आलंय हे समजवायला लागत नाही. ही गोष्ट वडिलांनी मुलाला विचारायची, सांगायची नाही. "तो बोटं तुटलेला गिटारवाला कोण रे?" एवढंच. त्याला माहीत असणारच.

आजींचं भुताचं म्हणाल तर त्यांना सांगा, ते नाटक आहे. कवट्या, शिंगं, काळे कपडे हा त्यांचा स्टेजचा पोशाख. पोटातून आतडी काढणारा नरसिंह आजींच्या पोथीत आहेच, त्याला कोणी घाबरत नाही. आणि तो घोगरा आवाज घसा फाडून काढलेला नसतो, खऱ्या स्वरतंतूंच्या वर ज्या खोट्या स्वरतंतूंच्या घड्या असतात त्यांना थरथरवून काढतात, शिकून, वर्षानुवर्षं रियाज करून. तुमचा मुलगा बाथरूममध्ये ते करायला जात असेल तर मात्र थांबवा, शिकल्याशिवाय केलं तर घसा बसतो, सुजतो. हे कारण त्याला पटेल, भुतांचं नाही पटणार.

मेटल ऐकून पोरं हिंसक होतात का हे मला जवळजवळ प्रत्येक आई विचारते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ ला एक प्रयोग झाला होता, १८ ते ३४ वयाचे ३९ जण, सगळे असलं संगीत ऐकणारेच. आधी त्यांना राग येईल अशा आठवणी काढायला लावल्या, मग काहींना त्यांचं आवडतं मेटल ऐकू दिलं, काहींना नुसतं शांत बसवलं. गाणं ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही, शांत बसलेल्यांसारखाच उतरला, वर त्यांना जरा उत्साहीही वाटलं. प्रयोग लहान आहे, माणसं मोठी होती, त्यामुळे त्यावर फार उड्या मारू नका, पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. पोरं गाण्यामुळे चिडत नाहीत, चिडलेली असतात म्हणून ते गाणं लावतात. तो कशावर चिडलाय हा प्रश्न जास्त कामाचा.

रॅपचं प्रकरण वेगळं आहे आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे, निदान अर्धा. मेटलमधले शब्द निम्म्या लोकांना कळतच नाहीत, रॅपमध्ये शब्दच सगळं. हा प्रकार १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात गरीब वस्तीतल्या काळ्या आणि लॅटिनो पोरांनी गल्लीतल्या पार्ट्यांमधून उभा केला. ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांनी तालात बोलायचं. आपल्याला हे नवीन नाही, आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक गावोगाव फिरून काय करत होते? काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० ला इथेच झाला, त्या लढ्याची, बाबासाहेबांची गाणी वामनदादांनी घराघरात पोचवली आणि ती काही सगळ्यांना गोड वाटावीत म्हणून लिहिलेली नव्हती. आज मराठीत, अगदी आपल्या बोलीत रॅप करणारी पोरं आहेत, त्यातली काही जमिनीबद्दल, जातीबद्दल, पाण्याबद्दल बोलतात. तुमचा मुलगा त्यातलं काही ऐकत असेल तर शिवी आली म्हणून अख्खं गाणं कचऱ्यात टाकू नका.

पण सगळं रॅप असं नसतं. बरंचसं नुसतं गाडी, पैसा आणि बायकांबद्दल घाण बोलणं असतं, त्याला क्रांती बिंती म्हणायची काही गरज नाही. मी पोरांबरोबर बोलताना फरक असा करतो की रागाच्या भरात आलेली शिवी एक, आणि बाईला वस्तू समजून रचलेलं कडवं दुसरं. पहिलीकडे मी दुर्लक्ष करतो. दुसऱ्याबद्दल आईने बोलायलाच हवं, बाबांनी नाही, आईने. एकदाच, दोन वाक्यांत, न ओरडता: "हे गाणं ऐकताना मला बाई म्हणून कसं वाटतं माहितीये? तुझ्या बहिणीबद्दल कोणी असं बोललं तर?" आणि मग उत्तराची वाट न बघता भाजी चिरायला निघून जायचं. तो काही तेव्हा "सॉरी मम्मी" म्हणणार नाही, खांदे उडवेल. पण लक्षात राहतं, मला मोठी झालेली पोरं येऊन सांगतात.

लहान बहिणीसाठी मात्र सरळ नियम. ती घरात असताना शिव्यांची गाणी स्पीकरवर नाही. गाण्यांच्या ॲपमध्ये नावाशेजारी छोटा इंग्रजी ई दिसतो ना, तो त्याचसाठी असतो. त्याचं मूळ अमेरिकेत आहे, एका सिनेटरच्या बायकोने, टिपर गोर त्यांचं नाव, मुलीसाठी एक रेकॉर्ड घेतली आणि त्यातलं एक गाणं ऐकून हादरल्या, मग बड्या नेत्यांच्या बायकांनी संघटना काढली, १९८५ ला तिथल्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, आणि शेवटी कंपन्यांनी रेकॉर्डवर आईवडिलांना इशारा देणारं स्टिकर लावायला सुरुवात केली. पोरांनी त्या स्टिकरकडे जाहिरात म्हणूनच बघितलं असं तेव्हापासून म्हणतात. ॲपच्या सेटिंगमध्ये ई वाली गाणी बंद करायची सोय असते, ती मुलीच्या वापरातल्या टॅबवर जरूर करा. मुलाच्या फोनवर करायला जाऊ नका, पाच मिनिटांत उघडेल आणि तुमची पत जाईल.

ज्या गोष्टीसाठी मी खरंच आग्रह धरतो, अगदी भांडतो, ती म्हणजे कान. गाणं कुठलंही असो, भजन असो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, पण ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त ४ तास. दहा डेसिबल वाढले की वेळ एकदम एवढा खाली येतो, आणि कानातल्या बारीक केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनचा आवाज आठवड्याला किती झाला ते दिसतं, मुलाबरोबर बसून ते बघा. गाडीचा आवाज दाबायला पोरं बड्सचा आवाज वाढवतात, त्यापेक्षा कान पूर्ण झाकणारा हेडफोन बरा, कमी आवाजात भागतं. आता इथे मुलगा तुम्हाला विचारणार की गणपतीत वाकडी बारवेपासून मिरवणूक निघते तेव्हा डीजेच्या भिंतीसमोर पप्पा नाचतात ते चालतं का, आणि ताई, त्याचा मुद्दा बरोबर आहे. मी नाशिक ढोलाचा भक्त माणूस आहे, पथकात वाजवलंय, पण कानात बोळे घालूनच. ते तुम्ही सगळ्यांनी घाला, मग त्याला बोला.

काळजी कधी करायची? काळ्या टीशर्टची नको, कवटीची नको, उदास गाण्याचीही एकट्याने नको. पण ज्या मित्रांबरोबर गाणी ऐकायचा तेही सुटले, झोप पार उलटी झाली, जेवण कमी, आवडीची गाणी पण नकोशी झाली, हातावर जखमा दिसल्या, फुल बाह्या उन्हाळ्यातही, "मी नसलो तरी काय फरक पडतो" असलं काही बोलला किंवा लिहिलं, तर तिथे गाण्याचा विषय संपला, तेव्हा प्लेलिस्ट तपासत बसायचं नाही, थेट विचारायचं आणि डॉक्टरकडे जायचं. सरकारची टेलिमानस म्हणून मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, तुम्ही आई म्हणूनही फोन करू शकता. तुमच्या प्रश्नात यातलं काही मला दिसलं नाही. तो रागावलाय, आणि त्याला कारण आहे.

दहावीचं म्हणाल तर शब्द असलेलं गाणं वाचताना आड येतंच, डोक्यात एकाच वेळी दोन वाक्यं चालत नाहीत. इतिहास, मराठी, पाठांतर करताना बंद. गणिताची सरावाची उदाहरणं सोडवताना चालू असेल तर मी तरी वाद घालणार नाही.

राहिला तबला. आत्ता विषय काढू नका, मार्चपर्यंत तर नाहीच. कपाटावर गुंडाळून ठेवलेली जोडी असेल तर खाली घ्या, पुसा, हॉलच्या कोपऱ्यात ठेवा आणि गप्प बसा. तुम्ही शेवटी लिहिलंय की तो ड्रमसेट मागतोय आणि तुम्ही घाबरलात. घाबरू नका पण लगेच घेऊही नका. फ्लॅटमध्ये खरा ड्रमसेट आणलात तर सोसायटीची मीटिंग तुमच्याच नावाने लागेल, आणि इलेक्ट्रॉनिक सेट महाग असतो, पुन्हा त्याच्याही पेडलचा दणका खालच्या मजल्यावर जातोच. परीक्षा झाली की आधी रबरचा प्रॅक्टिस पॅड आणि काठ्यांची एक जोडी घ्या, हजार-दोन हजारात काम होतं, पॅड स्टँडसकट घ्या नाहीतर पलंगावर वाकून वाजवेल आणि पाठ धरेल. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं ॲप, फोनवर फुकट मिळतो, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून सुरुवात करायची, त्याला १८० वरच सुरू करायचं असेल, नाही म्हणायचं. तीन-चार महिने रोज वीस मिनिटं टिकला तर एखाद्या क्लासमधल्या सेटवर बसवा, तिथे पाय कसे पडतात ते शिकवणाऱ्याला बघू दे. तबल्याचा हात असलेल्या पोरांचा डावा हात तयार असतो, अडतात ती पायाशी, त्यामुळे पहिला महिना तो चिडचिड करणार हे धरून चाला आणि सेटचा निर्णय दिवाळीनंतर घ्या.